न वापरल्याचा दाखला

१९ जून १९८२, शनिवार
कशेळे दौरा. एस.टी.चं छप्पर गळकं. गाडीतच छत्री उघडून बसलो. कंडक्टर म्हणाला, साहेब, मागच्याच्या डोळ्यात काडी जातेय. मिटली. भिजलो.
खताच्या खपाचं उद्दिष्ट आलंय. गेल्या सालापेक्षा जास्त. दर साली जास्तच असतं, त्यात नवल काय.
कोंडवाडीला तेच भाषण. रोपाला खत, लावणीला खत, फुटवे आले की युरिया. लोक मान हलवतात. कौसाबाई गायकवाड मान हलवत नाहीत. बौद्धवाडीतलं शेवटचं घर, नवरा वारलेला, कुळकायद्यात मिळालेलं शेत. दर साली विचारतो, दर साली तेच उत्तर.
"एकदा टाकलं व्हतं, सगळं भात लोळलं. पुन्ना नाय."
"अहो, जास्त झालं असेल."
"मग कमी टाकून कमी लोळवू का?"
यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही. तक्त्यात त्यांच्यापुढे शून्य. आठही गावांत हे एकच शून्य.

६ जुलै, मंगळ.
लावण्या जोरात. कौ.बाईंच्या शेतावर मुलगा विलास दिसला. गिरणीत आहे, संपामुळे घरी. चिखलात उतरलाय पण चेहरा असा की कोणी शिक्षा केलीय. सून हसत होती त्याला. "मुंबईचं पाय हायती, जपा!"
वरच्या अंगाला महादू ठोंबरेची खाचरं. उतारावर सगळी एकाखाली एक, महादूच्या बांधातून पाणी सुटतं ते कौ.बाईंच्यात, तिथून पुढे ओहोळाला. महादू माझा माणूस. मीच त्याला पीक स्पर्धेत उतरवला होता, तालुक्यात पहिला आला. तेव्हापासून मला सोडत नाही. आजही चहा. दूध नव्हतं तर शेजारून आणवलं. नको म्हटलं तरी ऐकेल तर शपथ.

१६ जुलै, शुक्र.
आमच्या शेतकी कचेरीत एक विचित्र पत्र. मुंबईच्या देसाईबाई. निसर्गोपचाराचं केंद्र चालवतात. हिवाळ्यात इकडे डोंगर चढायला आल्या होत्या, तेव्हा कौसाबाईंकडे जेवल्या. भात आवडला. बिनखताचा आहे हे कळल्यावर फारच आवडला. आता त्यांच्या रोग्यांसाठी सगळा तांदूळ दर साली घेणार, चांगल्या भावाने. एकच अट: या शेतात रासायनिक खत वा औषध वापरलं नाही असा सरकारी दाखला.
मोठ्या साहेबांना (यापुढे मो.सा., लिहायचा कंटाळा) दाखवलं. दोनदा वाचलं.
"वापरल्याचा नमुना आहे आपल्याकडे. न वापरल्याचा कुठाय?"
"नाही साहेब."
"नमुना नाही तर दाखला कसा देणार? आणि दिला, तर इतकी वर्षं आपण काय झक मारली?"
पत्र फायलीला लावलं.

५ ऑगस्ट, गुरु.
फायलीला लावलेलं पत्र सुटेना. कौ.बाई स्वतः कर्जतला आल्या. कचेरीच्या पायरीवर बसून होत्या, मी येईपर्यंत. बरोबर विलास.
खरी गोष्ट आज कळली. गिरणी सुरू व्हायची चिन्हं नाहीत. मुंबईचा कोणी गृहस्थ शेत मागतोय, बंगला बांधायला. शेतकरी असल्याचा दाखला त्याने कुठून तरी पैदा केलाय. त्याला बरा मिळाला. विलास विकायच्या बाजूने, ठाण्याला रिक्षा घेणार म्हणतो. सातबारावर माय-लेक दोघांची नावं. दोघांत ठरलंय ते असं: देसाईबाईंनी दर साली भात उचलायचं कबूल केलं तर शेत राहील. नाही तर दिवाळीनंतर कौ.बाई अंगठा देणार.
"मी शबुद दिलाय साहेब. आता तुमच्या कागदावर हाय सगळं."
विलास म्हणाला, "आमच्या बापानं कोर्टात किती खेटे घातले या शेतापायी, मला काय ठाऊक नाय? पन खायाचं काय?"
तोही खोटं बोलत नाही. हीच पंचाईत.
पुन्हा मो.सां.कडे गेलो. या वेळी त्यांच्या पोटात दुखत होतं म्हणून असेल, पटकन म्हणाले, "तुम्ही पाहणी करा, जे दिसेल ते साध्या कागदावर लिहा, मी शिक्का मारतो. नमुना-बिमुना नको."

३० ऑगस्ट, सोम.
गणपती-गौरी आटोपल्या. कोंडवाडीला सांगून आलो: १२ तारखेला, रविवारी, देसाईबाई येणार, मी येणार, पाहणी.
कौ.बाईंचं झिनी जातीचं भात बरं आहे. फिकं, पण निरोगी. त्या जमिनीत तसंच असतं.
महादू बांधावर. "नंबर कसले देनार, साहेब?"
"नंबर नाहीत रे. पाहणी आहे. दाखला द्यायचाय."
"म्हंजे तेच की."
सौ.ला सगळी हकिगत सांगितली. म्हणाली, बाईचं काम करून टाका लवकर, नाही तर तुमचं घोंगडं भिजत पडायची सवय मला माहीत आहे. घोंगडं माझं एकट्याचं आहे का?

१२ सप्टेंबर, रवि.
कसा दिवस गेला!
देसाईबाई सकाळच्या गाडीने. पांढरे केस, पायात बूट, पिशवीत स्वतःचं पाणी. कर्जतहून एस.टी.त वाटभर प्रश्न. "रसायनीचे कारखाने इथून किती लांब?" लांब, म्हटलं, मधे डोंगर. "धूर येतो का?" धूर येत नाही, म्हटलं, तिथे नोकरीला गेलेली माणसं येतात शनिवारी. हसल्या. बाई चांगल्या आहेत.
राबाची जागा दाखवली. पालापाचोळा-शेण जाळून त्यावर रोप टाकतात हे सांगितलं. "म्हणजे राख. राख केमिकल का?" मी म्हटलं, मग चुलीवरचं जेवण पण केमिकल. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. का, देव जाणे.
मग शेताच्या कडेला गेलो.
कौ.बाईंची वरची तीन खाचरं काळीभोर, गर्द हिरवी. सगळी नव्हे. मूठ पडली तिथे काळंभोर, मधे फिकं, पुन्हा काळंभोर. आंधळ्याला कळेल. युरिया. दहा-बारा दिवसांपूर्वीचा. खालच्या खाचरांतही पाणी जातं त्या तोंडाशी हिरवे पट्टे.
देसाईबाई पाहतच राहिल्या. "किती हिरवं! आणि लोक म्हणतात रसायनाशिवाय पीक येत नाही!"
त्यांनी नेमका त्याच काळ्या पट्ट्यात उभं राहून फोटो काढला, कौ.बाईंना शेजारी घेऊन. कौ.बाई फोटोसाठी डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या. त्यांना माहीत होतं का? चेहऱ्यावरून काही कळेना.
महादू बांधावर हात बांधून. माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.
देसाईबाई जाताना: "कागद कापणीआधी पाठवा. मी तुमच्या शब्दावर घेणार. मला शेतीतलं काही कळत नाही."

१३ सप्टें., सोम.
रजा टाकली. सायकलवर कोंडवाडी. चढाला दम लागला, वय झालं.
महादूला गोठ्यात गाठला. लपवलंसुद्धा नाही त्याने.
"अवो साहेब, सरकारी मानूस येनार, बरुबर मुंबईची बाई, आन पीक आसं पिवळं? कसं दिसंल? माज्याकडं अर्धं पोतं व्हतं. सांजचं जाऊन टाकलं, त्यांना न सांगता. शेजारधर्म हाय का नाय? गावाची इज्जत हाय!"
"अरे, खत नाही हेच तर बघायला आली होती ती बाई!"
त्याला खरंच कळेना. "मंग यायचं कशाला?"
मी कपाळाला हात लावला. पण त्याला शिव्या तरी कुठल्या तोंडाने घालू? साहेब येणार म्हणजे पीक काळंभोर पाहिजे, हे त्याला मीच शिकवलं. स्पर्धेच्या साली पाहणी समितीच्या आधी दहा दिवस युरिया टाक, हे मीच सांगितलं होतं. शिकवलेलं नेमकं लक्षात ठेवलं पोराने. पोर कसला, पन्नाशीचा आहे.
मग कौ.बाईंकडे. पीक काळं पडताना त्यांना दिसत होतं, पण कशाने ते काल सकाळीच कळलं, बांधाच्या झुडपात रिकामी पाटी सापडली, महादूची.
"मग मला का नाही सांगितलं?"
"तुमी बाईसंगं व्हता. काय सांगू? शेजाऱ्यानं घान केली आसं?"
आणि मग पुढे जे बोलल्या ते असं: "मी टाकलं का? नाय. मग लिवा, बाईनं खत टाकलं नाय. खोटं काय त्यात?"
खोटं काही नाही त्यात. परत येताना वाटभर तेच घोळवत होतो.

२१ सप्टें., मंगळ.
मसुदा: "सदर बाईंनी आपल्या शेतात कोणतेही रासायनिक खत वापरलेले नाही." शब्द न् शब्द खरा. कोर्टात टिकेल. फाडला.
सौ.: "तुम्हाला कोणी खरं विचारलंय का? दाखला विचारलाय."
वीस वर्षं कागद लिहितोय. अमुक पोती खपली, तमुक एकर व्याप्ती. कोणी वाचले? वर गेले, बेरीज झाली, संपलं. हा पहिला कागद, जो एक बाई वाचणार आणि त्याच्या भरवशावर आजारी माणसांना भात वाढणार. मला यात पडायचंच नव्हतं. गप उद्दिष्टाची पोती मोजत बसलो असतो, तर बरं झालं असतं.

९ ऑक्टो., शनि.
वारं-पाऊस दोन दिवस. काळ्याभोर पट्ट्यातलं भात लोळलं. फिकं उभं आहे.
कौ.बाई बांधावर कमरेला हात लावून. "बघा. मी सांगत नव्हते?"
मी बघितलं.
एक सुचवलं: वरची तीन खाचरं आणि पाण्याच्या तोंडाचे पट्टे वेगळे कापायचे, वेगळे झोडायचे, ते घरात खायला. बाकीचं देसाईबाईंना. विलास म्हणाला, "मंग कागद सरळ मिळंल का?" मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे काय ते मलाच माहीत नव्हतं. पाणी तर सगळीकडूनच जातं.

२९ ऑक्टो., शुक्र.
दसरा झाला. देसाईबाईंचं कार्ड: कागदाची वाट पाहते, कापणी कधी? फोटोची एक प्रत कौ.बाईंसाठी. फोटोत मागचं भात किती सुंदर दिसतंय!
मो.सा.: "अजून तेच चाललंय? लिहून टाका हो काहीतरी."

२ नोव्हें., मंगळ.
लिहिलं. एका बैठकीत, दिवसा, शुद्ध डोक्याने. कोरा कागद, साधं मराठी.
बाईंनी खत टाकलेलं नाही, आजवर टाकत नाहीत. पण वरच्या तीन खाचरांत पाहणीच्या आधी शेजारी महादू ठोंबरे यांनी गैरसमजाने युरिया टाकला, पाहणीत दिसलेला हिरवा रंग त्याचा. ती खाचरं वेगळी कापली जातील. वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतात उतरतं, इथे सगळीकडेच तसं आहे, म्हणून खालच्या भातात थोडाही अंश नाही असं मी सांगू शकत नाही. मला दिसलं ते एवढं.
मो.सां.नी न वाचता शिक्का मारला. मारताना मला म्हणाले, "सुटलात एकदाचे."

४ नोव्हें., गुरु.
कागद पोस्टात टाकण्याआधी कौ.बाईंना वाचून दाखवायचं ठरवलं. सौ. म्हणाली, कशाला शिव्या खायला जाताय. बरोबर होती.
कापणी चालली होती. बांधावर बसून वाचला. विलासने अर्ध्यातच विळा टाकला.
"साहेब, तुमी आमचं शेत विकलंत. त्या बाईनं हिरवं बघून व्हय म्हनलं व्हतं. आता हे वाचून ती येईल?"
"कदाचित येईल."
"कदाचित!" थुंकला आणि ओहोळाकडे निघून गेला.
कौ.बाई बांधावरून उठल्या. मग भांडल्या. सोडलं नाही. "येवढं शिकलाव आन दोन ओळी लिवता येत न्हाईत सरळ? मी काय घान केली? शेण मी टाकलं, राब मी भाजला, आन दंड मला?" मी ऐकून घेतलं. लाज वाटत होती, आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं.
दमल्यावर म्हणाल्या, पुन्हा वाचा. वाचला. आणखी एकदा. वाचला.
"महादूचं नाव काढा त्यातनं."
"आणि बाकीचं?"
"बाकीचं ऱ्हाऊ द्या आता. लिवलंत ते लिवलंत. खायाचं काम हाय, आजारी मानसं खानार. पन त्याचं नाव नको. त्याच्या बांधावरनं माजं पानी येतं. सालभर तोंड बघायचंय."
तिथेच बांधावर 'महादू ठोंबरे' खोडून नुसतं 'शेजारी' ठेवलं, खोडाखोडीवर सही केली. शिक्क्याच्या कागदावर खोडाखोड, नियमाला धरून नाही.
आमचं हे चालू असताना महादू आपल्या खाचरात भारे बांधत होता. ओरडून विचारलं, "झालं का पास?"
कौ.बाईच ओरडल्या, "झालं, झालं! बांध तू!"
कागद संध्याकाळी कर्जतच्या पेटीत टाकला. टाकल्यावर हात आत घालून परत काढता येतो का, हेही पाहिलं. येत नाही.

१० नोव्हें., बुध.
उत्तर नाही. दिवाळीची गडबड असेल.

१८ नोव्हें., गुरु.
दिवाळी झाली. उत्तर नाही. खपाचा तक्ता वर पाठवला. उद्दिष्ट पुरं. मो.सा. खूष, पेढा दिला. खाल्ला.
कोंडवाडीला जायची पाळी होती, गेलो नाही. पाय वळेना. पुढल्या आठवड्यात टाळता येणार नाही.

२५ नोव्हें., गुरु.
गेलो.
भात झोडून झालंय. वेगळं कापलेलं वेगळ्या कणगीत, तिला चुन्याची फुली. बाकीचं पोत्यांत भरून भिंतीला. उचलायला कोणी नाही.
विलास ओट्यावर. आज नीट बोलला, त्याचंच जास्त लागलं. बंगल्यावाला रविवारी येणार, मोजणीला माणूस घेऊन. इसाराची रक्कमही तो बरोबरच आणणार. "आईनं शबुद दिलाय. फिरायची नाय ती."
मी म्हटलं, टपाल उशिरा येतं. तो म्हणाला, हो, येतं.
कौसाबाई घरी नव्हत्या. शेतावर गेलो. तिथे सून आणि त्या, दोघी वाकून, भाताच्या खुंटांमधे वाल टोकत होत्या. ओल उडायच्या आत टोकावा लागतो हे मला कळतं, पण तरी विचारलं.
"कौसाबाई, रविवारी तर तो माणूस येतोय."
"येऊ दे की. मी काय नको म्हनले?"
"मग वाल कशाला?"
मान वर केली नाही. हातातले दाणे टाकत पुढे सरकल्या. "ओल हाय, साहेब. ओल काय दाखल्यासाठी थांबतेय व्हय?" मग जरा थांबून, सुनेला ऐकू जाणार नाही असं, "मोजाया येईल त्याला टोकल्या वालावरनं चालाय लागंल. बघू चालतो का."
मी बांधावर उभा होतो. खाली उतरायला बूट काढावे लागले असते. काढले, उतरलो, एक मूठ वाल मागून घेतला. त्यांनी दिला. किती अंतरावर टोकायचा ते मी सांगू लागलो तर म्हणाल्या, गप टोका.
उद्या पुन्हा कचेरीतली टपालाची पिशवी बघणार आहे.